दोन फेऱ्यांच्या मधली तीन मिनिटं

आश्रुबाच्या शेतात बांधाच्या कडेनं चारशे फुटांची एक पट्टी होती. तिच्यात कधी काही पेरलं नाही. दगड वेचून, ढेकळं फोडून, वरून पाणी मारून ती अशी सपाट केलेली, की या टोकाला चेंडू सोडला तर निम्म्या वाटेपर्यंत आपला आपण घरंगळत जावा. ती पट्टी शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, जोडीची. बिजल्या आणि गुलब्या हे आश्रुबाचे दोन पांढरे बैल रोज उजाडता उजाडता हलकी छकडी घेऊन तिच्यावर सुटायचे. आणि यंदा दिवाळी झाल्यापासून, बैलांचं पळून झालं की त्याच पट्टीवर आश्रुबाची सून पळायला लागली होती.

गावात हसू व्हायचं ते झालंच. पारावर कुणीतरी विचारलं, "आश्रुबा, आवंदा पटाला तीन बैलं का?"

"तिसरा पोलीस होणार हाय," आश्रुबा म्हणाला. "जपून बोल बे."

सून म्हणजे रोहिणी. वय चोवीस, पदरात दीड वर्षाची ईश्वरी. नवरा हनुमान पुण्याकडं जेसीबी चालवायचा, महिन्या-दीड महिन्यानं दोन दिवस घरी यायचा. लग्नाआधी रोहिणीनं पोलीस भरतीचा फॉर्म भरला होता, पण मैदानी चाचणीची तारीख आणि हळदीची तारीख एकच आली, आणि मैदानासाठी हळद कुणी पुढं ढकलत नसतं. आता पुन्हा भरती निघाली तेव्हा चार दिवस धीर गोळा करून तिनं सासूला विचारलं. छबुबाईनं भाकरी थापता थापता सगळं ऐकून घेतलं.

"एक डाव," ती म्हणाली. "एकच डाव मी पोरगी सांभाळीन. लागलीस तर देव पावला. न्हाई लागलीस तर पुन्यांदा भरतीचं नाव काढायचं न्हाई. मग इशूला भाऊ बघायचा."

हनुमाननंही फोनवर तेच सांगितलं, फक्त जरा लाडानं.

वडवणीला अजिनाथ सरांचा भरतीचा क्लास होता. सर फौजेतून आलेले. आवाज असा की माळावरची टिटवी उठावी. आठवड्यातले तीन दिवस रोहिणी एसटीनं तिकडं जायची, तीन दिवस घरच्या पट्टीवर पळायची. मुलींना गोळाफेक, शंभर मीटर आणि आठशे मीटर. पण आठशेसाठीसुद्धा सर शंभरच्याच फेऱ्या घ्यायचे. जीव खाऊन शंभर, मग तीन मिनिटं, मग पुन्हा जीव खाऊन शंभर. असं आठ वेळा.

"पहिलं शंभर कुणालाबी पळता येतं," सर सांगायचे. "कुत्रं मागं लागलं की माझी आजी बी पळती. आठवं शंभर पहिल्यासारखं कोण पळतंय ते मी बघतो. ते पायानं होत न्हाई. मधल्या तीन मिनिटांनी होतं. पळून आलात की धपकन बसायचं न्हाई, आडवं पडायचं न्हाई. चालायचं, हात मोकळे सोडून. पाण्याचा एकच घोट. आणि डोक्यात काही ठेवायचं न्हाई. पायाला कळलं पाहिजे की आता आपल्याला कुणी हाक मारणार न्हाई. तेव्हा ते पुन्हा भरतेत."

"सर, मग आमी मधली तीन मिनिटं करतो," एक पोरगी म्हणाली, "शंभर तेवढं तुमी पळा."

सगळ्या खिदळल्या, रोहिणीही. पण सरांचं ते वाक्य तिनं मनात घडी घालून ठेवलं. पायाला कळलं पाहिजे की आता कुणी हाक मारणार नाही.

घरची पट्टी संपायची ती नेमकी गोठ्याच्या तोंडाशी.

पहिल्या दिवशी ती पहिली फेरी पळून आली. मोबाईलवर पंधरा सेकंद आणि थोडं वर. कमरेवर हात ठेवून ती वळली, तोच गोठ्यातून छबुबाईचा आवाज आला.

"रोहिणे, आता उभीच हायस ना? मग तेवढ्यात एवढी पाटी टाकून ये उकिरड्यावर."

शेणाची पाटी काही मोठी नव्हती. रोहिणीनं ती डोक्यावर घेतली, टाकून आली, हात धुतले आणि दुसरी फेरी पळाली. पुढं तेवढ्यात इशूचं नाक पुसायचं होतं, तेवढ्यात चुलीवरचं दूध बघायचं होतं, तेवढ्यात वासरू सुटलं होतं. कामं सगळी चिमूटभर. त्यातलं एकही असं नव्हतं की त्याला नाही म्हणावं. पण सहाव्या फेरीला मोबाईलवर अठराचा आकडा आला, आणि सातवीला तिची मांडी अशी थरथरली की ती बांधावर हात टेकून उभी राहिली. आठवी झालीच नाही.

सरांच्या मैदानावर मात्र तिच्या आठही फेऱ्यांत एका सेकंदाचाही फरक नसायचा. तिनं वहीत लिहिलेले घरचे आकडे बघून सर बुचकळ्यात पडले.

"रोहिणीताई, इथं तुमी हरीण असता, अन् घरच्या आकड्यात म्हैस. घरी मधे थांबता का न्हाई?"

"थांबते सर."

"चालता?"

"चालते की."

खोटं नव्हतं ते. उकिरड्यापर्यंत चालतच जात होती ती.

एका सकाळी बैलांची फेरी उशिरा झाली, म्हणून रोहिणी पट्टीच्या कडेला वाट बघत उभी राहिली. आश्रुबानं छकडी सोडली. दोन्ही बैलांच्या कुशी भात्यासारख्या उडत होत्या. त्यानं त्यांना दाव्याला धरून संथ चालवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत. गोणपाट भिजवून मानेवर टाकलं. बिजल्यानं हौदाकडं तोंड वळवलं तर त्यानं दावं आवळलं. "आत्ताच न्हाई रे राजा. दम खा आधी." मग तो बिजल्याच्या कुशीवर पंजा ठेवून उभा राहिला, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखा. डोळे मिटलेले.

"मामा, काय बघता?"

"कूस बसायची वाट बघतो. जोवर हाताला धडधड लागती तोवर दुसरी फेरी घ्यायची न्हाई. घेतली तर बैल त्या दिवशी पळतो, मालकाचं मन राखतो. पण आतून मोडतो. चार पट झाले की मग खाली बसतो तो उठतच न्हाई." त्यानं डोळे उघडले. "तुमचे सर काय म्हणतेत?"

"हेच म्हणतेत, मामा. डिट्टो."

आश्रुबा खूश झाला. "म्हंजे शाना माणूस हाय."

तेवढा धीर रोहिणीला पुरला. त्याच सकाळी पहिली फेरी पळून आली, पाटीची हाक आली, आणि ती जागची न हलता म्हणाली, "आत्या, सर म्हणतेत मधे तीन मिनिटं काहीच करायचं नसतं."

छबुबाई गोठ्याच्या दारात आली. "काहीच न्हाई म्हंजे?"

"म्हंजे नुसतं चालायचं."

"मग चालतच उकिरड्यावर जा की. डोक्यावर पाटी हाय का न्हाई ते पायाला काय कळतंय?"

आश्रुबा मोठ्यानं हसला, आणि मग सुनेचा चेहरा बघून मध्ये पडला. "अगं, बैलाला दोन फेऱ्यांच्या मधी औताला जुंपतेत का कुणी?"

"तुमचे बैलं भाकरी करीत न्हाईत," छबुबाई म्हणाली. "त्यांना तुमी अंडी चारा, दूध पाजा, अन् पाय चेपीत बसा. मी काय म्हणलं का कधी? पण मला एवढं सांगा, हिनं न्हाई टाकली तर पाटी कोण टाकील? माझा गुडघा बघा, डब्यासारखा सुजलाय. तुमी टाकता?"

आश्रुबाला एकाएकी गुलब्याच्या खुरात खडा दिसला. तो खाली वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

छबुबाईचा आवाज मऊ झाला. "मी काय तुझी वैरीण हाय का रोहिणे? चारला उठून झाडलोट मी करते, पाणी मी भरते, तू पळावंस म्हणून. पोरगी दिवसभर माझ्या काखेत. आयुष्यात मला कुणी एक भाकर बसून खाऊ दिली न्हाई, तरी मी तुला पळू देते. पळायच्या टायमाला मी तुला कधी हाक मारली का? सांग. तू उभी असतीस तवाच मारते ना?"

आणि हे खरं होतं. शब्दन् शब्द खरा होता. दुष्ट माणसाशी भांडता येतं. गुडघा धरून चारला उठणाऱ्या बाईला काय सांगणार, की तुझ्या लेखी मी जेव्हा रिकामी असते तेव्हाच माझं सगळ्यात मोठं काम चाललेलं असतं?

तिनं पाटी उचलली.

मग हळूहळू ते अंगवळणी पडलं. माघ लागेपर्यंत छबुबाईला हाकही मारावी लागेना. फेरीचे शेवटचे वीस फूट राहिले की रोहिणीची नजरच काम हुडकायची. पाटी भरली का, पोरगी कुठं आहे, धुणं भिजलंय का. श्वास घशात अडकलेला असतानाच हात पुढं व्हायचे. छबुबाई शेजारणींना कौतुकानं सांगायची, "माझी सून पळता पळता सकाळचं निम्मं काम उरकती. असं असंल तर पळू द्या की, कोण न्हाई म्हणतंय!" आणि हे कानावर आलं की रोहिणीला बरंच वाटायचं. खोटं कशाला सांगा, अभिमान वाटायचा. घरच्या फेऱ्या आठाच्या पाच झाल्या होत्या, हे ती सरांच्या वहीत लिहीत नव्हती.

तरी ती पळत चांगली होती. वडवणीच्या मैदानावर आठशे मीटरला तिला तीन मिनिटं चार सेकंद लागले, तेव्हा सर पहिल्यांदा तिला नुसतं "शाब्बास" म्हणाले, पुढं काही जोडलं नाही. मैदानाच्या आदल्या आठवड्यात त्यांनी तिला बाजूला घेतलं.

"त्या दिवशी आधी गोळा, मग शंभर, मग आठशे. शंभर अन् आठशेच्या मधे पाऊण तास तरी जाईल. तो पाऊण तास म्हंजे तुमची नोकरी हाय, असं समजा. सावली बघायची. दहा मिनिटं चालायचं, मग पाय उंच करून पडायचं. कुणी बोलावलं तरी उठायचं न्हाई. माझा फोन आला तरी घ्यायचा न्हाई. काय?"

"कुणी बोलावलं तरी उठायचं न्हाई," रोहिणीनं पाठ म्हणून दाखवलं.

मैदान बीडला होतं. छबुबाईनं पहाटे दह्यासाखरेचा चमचा तोंडात घातला, इशूचा हात धरून तो आईकडं हलवला. दिवस उजाडला तेव्हा छातीवर नंबर लावलेल्या चाळीसेक पोरी एका ओळीत बसल्या होत्या. रोहिणीच्या पुढचा नंबर अंबाजोगाईकडच्या योगिताचा. एकवीस वर्षांची, काडीसारखी, तोंडाला खीळ नसलेली.

"ताई, तुमाला पोरगी हाय? आन् पळता?" ती म्हणाली. "माझी माय मला म्हणती, तू लगीन कर, मग बघू तुझं पळणं. आता तिला तुमचा फोटोच पाठवते."

गोळा ठीक गेला. आणि शंभर! शंभर ती असं पळाली की तिला स्वतःचे पाय जाणवलेच नाहीत. शिट्टी झाली, आणि समोरची पांढरी रेघच आपण होऊन तिच्याकडं आली. चौदा सेकंदांच्या आसपास. मोबाईलवर, मैदानावर, कुठंच तिनं हा आकडा आजवर पाहिला नव्हता. योगिता तिच्या मागं दोन हातांवर आली आणि धापा टाकत म्हणाली, "लई भारी, ताई. काय खाता?"

"बैलाची अंडी," रोहिणी म्हणाली, आणि दोघी पोट धरून हसल्या.

मग तो पाऊण तास सुरू झाला.

मैदानाच्या कडेला लिंबाची तीन झाडं होती. पोरी सावलीत पांगल्या. योगिता थोडा वेळ इकडून तिकडं चालली, मग उताणी पडली, दोन्ही पाय झाडाच्या बुंध्याला वर लावले आणि तोंडावर रुमाल टाकला. रोहिणीही दहा मिनिटं चालली, मग तिच्या शेजारी पिशवी उशाला घेऊन पडली. वर पानं हलत होती. तिनं नाकानं श्वास घेतला. एक. दोन. इशूनं दूध घेतलं असेल का? तीन. चार. शेजारी पाच-सहा अनोळखी बाया बसलेल्या, आणि त्यांच्यासमोर आपण दिवसाढवळ्या तंगड्या वर करून पडलोय. तिनं पाय खाली घेतले. मग उठून बसली. हात मांडीवर ठेवले, मग बाजूला ठेवले, मग गवताची काडी उपटली. हातांना जागाच सापडेना. छातीत आता धडधड नव्हती, पण तिच्या जागी एक हुरहूर आली होती, चुलीवर काहीतरी ठेवून विसरून आल्यासारखी.

"पाणी संपलं की गं," पलीकडं कुणीतरी म्हणालं. कुणाला उद्देशून नाही, असंच.

पाण्याचा टँकर मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला उभा होता.

"द्या, मी आणते," रोहिणी म्हणाली.

म्हणेपर्यंत ती उभी राहिलीसुद्धा होती, आणि हुरहूर थांबली होती. एकीनं बाटली दिली, ते बघून दुसरीनं दिली. अकरा बाटल्या झाल्या. तिनं ओढणीत बोचकं बांधलं. योगितानं रुमालाखालून विचारलं, "ताई, कुठं चालल्या? पडा की. आठशे राह्यलंय अजून."

"बसून अंग जड होतंय गं."

टँकरपाशी रांग होती. ऊन डोक्यावर यायला लागलं होतं. ती रांगेत उभी राहिली, अकरा बाटल्या भरल्या, बोचकं पाठीवर टाकून परत आली. पोरी म्हणाल्या, ताई देवमाणूस. मग दुसऱ्या झाडाखालच्या पोरींनी, जरा लाजतच, त्यांच्या बाटल्या पुढं केल्या. रोहिणी पुन्हा गेली. परत आली तेव्हा एकीचा गुडघा सोललेला दिसला, तो तिनं धुऊन दिला. योगितानं झोपल्या झोपल्या दोन घोट पाणी प्यायलं, "थँक्यू ताई" म्हणाली आणि पुन्हा डोळे मिटले. मग नंबर पुकारले.

आठशे म्हणजे मैदानाच्या दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत रोहिणी दुसरी होती. शंभरचा उत्साह अजून अंगात होता, आणि तोच तिला पळवत होता. दुसऱ्या फेरीच्या पहिल्या वळणावर तिच्या मांड्यांत कुणीतरी ओली वाळू भरायला सुरुवात केली. तिनं हात जोरात हलवले. वाळू गुडघ्यापर्यंत आली. एक पोरगी पुढं गेली, मग आणखी दोघी, मग योगिता, लांब, सैल, जणू आत्ताच अंथरुणातून उठून आलेली. जाता जाता ती ओरडली, "चला ताई, चला!" रोहिणीला तिच्यामागं जायचं होतं. मन गेलंसुद्धा. पाय आले नाहीत.

तीन मिनिटं एकवीस सेकंद.

लेखी परीक्षेसाठी निवडलेल्यांची यादी अठरा दिवसांनी मोबाईलवर आली. ती ज्या नावावर संपत होती, त्या नावापेक्षा रोहिणीला एक गुण कमी होता. योगिताचं नाव वरच्या निम्म्यात होतं. योगितानं तिला मेसेज केला होता, आधी हसरा चेहरा, मग बहुधा यादी नीट बघून, नुसते जोडलेले हात.

सरांचा फोन आला. "शंभर तर माझ्या क्लासातल्या पोरींत एक नंबर आलंय तुमचं. मग आठशेला काय झालं? मधे काय केलं तुमी?"

"पाणी आणलं, सर. पोरींना."

"कुणी सांगितलं होतं?"

रोहिणी गोठ्याच्या कुडाला टेकून उभी होती. आत छबुबाई इशूला कावळा-चिमणीचं काहीतरी सांगत होती. इशू हसत होती.

"कुणीच न्हाई, सर," ती म्हणाली.

सर म्हणाले, "पुढच्या भरतीला या. फी घेणार न्हाई." तिनं हो म्हटलं. नाही म्हणायचं तर सगळं सांगावं लागलं असतं.

छबुबाईला तिनं चुलीपुढं बसून सांगितलं. छबुबाईनं हातातली भाकर तव्यावर टाकली, हात पुसले, आणि सुनेचं डोकं स्वतःच्या पोटाशी धरलं. एक शब्द टोचून बोलली नाही. रात्री हनुमानचा फोन आला तेव्हा त्यालाही तिनंच दटावलं, "तिला काही इचारू नको. पोरीनं जिवाचं रान केलतं. मी बघितलंय." नंतर पदरानं नाक पुसत ती म्हणाली, "पाडव्याला सुट्टी काढून ये. आठ दिवस राहा."

दुसऱ्या दिवशी दुपारी रोहिणी धुण्याची बादली घेऊन निघाली, तर छबुबाईनं ती हातातून काढून घेतली.

"ठेव ते. करीन मी. चार महिने जीव दमला तुझा. ये, बस इथं."

"न्हाई आत्या, करते ना."

"बस म्हणलं की. आता कुठं पळायचंय तुला?"

तिनं रोहिणीला ओट्यावर बसवलं, स्वतः सुजलेला गुडघा लांब सोडून मागं बसली, आणि खोबरेल तेलाची वाटी घेऊन तिच्या केसांत बोटं घातली. जाड, खरखरीत बोटं. सावकाश, कपाळापासून मानेपर्यंत, पुन्हा कपाळापासून. इशू रोहिणीच्या मांडीवर झोपून गेली. कुणी हाक मारली नाही. एक तास गेला असेल, किंवा दीड.

रोहिणीच्या खांद्यांतली गाठ सुटली. श्वास पोटातून यायला लागला, लांब, हलका. मग मांड्या मोकळ्या झाल्या, मग पोटऱ्या, मग तळव्यांत कोमट रक्त उतरलेलं तिला स्पष्ट कळलं. पाय भरले होते. काठोकाठ. याच घटकेला कुणी शिट्टी मारली असती, तर आठशे मीटर तिनं तीन मिनिटांच्या आत पळून दाखवले असते, हे तिला अंगातून कळत होतं, जसं तान्ह्या लेकराच्या आईला दूध उतरलेलं कळतं तसं.

तिचे खांदे हलायला लागले.

"हालू नकोस गं," मागून छबुबाई मायेनं म्हणाली. "भांग वाकडा होतोय."